जीपीए भरपूर, तरी निवड नाही: ऑनर सोसायटीचं एक प्रकरण

मध्य न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक हायस्कूलमध्ये एका मराठी मुलीला अकरावीत, म्हणजे ज्युनियर वर्षाला, नॅशनल ऑनर सोसायटीने (एनएचएस) नाकारलं आणि बारावीत घेतलं. त्या तेरा महिन्यांत शाळेत, घरात आणि त्या मुलीच्या अर्जात काय काय झालं, त्याची ही मांडणी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत.

पार्श्वभूमी

एनएचएस ही अमेरिकेतल्या हायस्कूलमधल्या निवडक विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना; तिच्या शाखा शाळाशाळांत असतात. १९२१ साली पिट्सबर्गच्या फिफ्थ अव्हेन्यू हायस्कूलचे प्रिन्सिपल एडवर्ड रायनिअरसन यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली, आणि आजही माध्यमिक शाळांच्या प्रिन्सिपलांची राष्ट्रीय संघटनाच ती चालवते. सदस्याकडून चार गोष्टींची अपेक्षा असते: अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. राष्ट्रीय पातळीवर आकडा ठरलेला आहे तो फक्त अभ्यासाला. एकत्रित जीपीए (सगळ्या विषयांच्या श्रेणींची ४ पैकी सरासरी) किमान ३.०, किंवा ८५ टक्के, किंवा बी श्रेणी. शाळेतली शाखा हा उंबरठा वर नेऊ शकते, खाली आणू शकत नाही. उरलेल्या तिन्हींचा निवाडा त्या शाळेतल्या पाच शिक्षकांची फॅकल्टी कौन्सिल बहुमताने करते. सल्लागार शिक्षिका बैठकीत असतात, पण त्यांना मत नसतं. प्रिन्सिपल आणि असिस्टंट प्रिन्सिपल यांना कौन्सिलवर घेता येत नाही.

आपल्याकडच्या पालकांची गल्लत इथेच होते. मेरिट लिस्टवर वाढलेल्या माणसाला वाटतं, जास्त गुण म्हणजे वरचा नंबर. इथे जीपीए हे निव्वळ हॉल तिकीट आहे. उंबरठा ओलांडला की ३.८ वाला आणि ४.० वाला एकाच रांगेत येतात, आणि पुढची सगळी चर्चा गुणपत्रिकेच्या बाहेरची असते.

या शाखेचा उंबरठा अनवेटेड, म्हणजे अवघड विषयांना जादा वजन न देता, ३.७ होता. मुलीचा अनवेटेड जीपीए ३.८६, वेटेड ४.३१. सप्टेंबरच्या शेवटी पात्रतेचं पत्र आलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हे पत्र म्हणजे निवड नव्हे. सोबतचा माहितीचा फॉर्म १४ दिवसांत भरून द्यावा. घरात मात्र त्याच संध्याकाळी पुण्याला आजीला फोन गेला की निवड झाली.

फॉर्ममध्ये काय होतं

शाखेची अट होती किमान ४० तास सेवा. मुलीने लिहिले १४२. जिथे वर्षाला शे-दीडशे तास सांगणारी मुलं वर्गागणिक सापडतात, तिथे या आकड्याने कुणी चकित होत नाही. कौन्सिल पाहते ती त्याच ओळीतला शेवटचा रकाना, म्हणजे देखरेख करणाऱ्या मोठ्या माणसाची सही.

या मुलीच्या चार ओळी अशा होत्या. रविवारच्या मराठी शाळेत मदतनीस: ६० तास, सही आईची, कारण शाळेच्या त्या केंद्राची जबाबदारी आईकडेच होती. गणेशोत्सव: ३४ तास, सही मंडळाच्या एका काकांची. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत उन्हाळ्यात इंग्रजी शिकवणं आणि वह्यावाटप: ३० तास, सही मामाची. इथल्या, न्यू जर्सीतल्या, गावच्या लायब्ररीत लहान मुलांना गणित शिकवणं: १८ तास, सही लायब्ररियनची.

परक्या, नात्याबाहेरच्या आणि शाळेला फोन करून विचारता येईल अशा माणसाची सही फक्त शेवटच्या ओळीवर होती. ‘काका’ नात्यातले नव्हते, पण त्या ३४ तासांपैकी २६ तास नाचाच्या तालमीचे होते. स्टेजवर नाचणं ही कला आहे, हौस आहे, सेवा नाही. सेवेची व्याख्या अशी की दुसऱ्यासाठी, आर्थिक किंवा वस्तुरूप मोबदला न घेता केलेलं काम. त्या व्याख्येत मराठी शाळेच्या ६० तासांनाही एक खोच निघाली. शाळा वर्षाखेरीस प्रत्येक मदतनीस मुलाला ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड देत असे. आपल्या दृष्टीने ते कौतुक. फॉर्मच्या दृष्टीने ‘काही मोबदला मिळाला का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. मुलीने प्रामाणिकपणे ‘हो’ला खूण केली होती.

नेतृत्वाच्या रकान्यात ‘संस्थापक आणि अध्यक्ष’. दहावीच्या मे महिन्यात काढलेली, जुने लॅपटॉप गोळा करणारी संस्था. सदस्य चार, चौघंही कौटुंबिक मित्रांची मुलं, वेबसाइट देखणी, उपक्रम आतापर्यंत एक. असे अध्यक्ष दर वर्षी डझनाने येतात आणि शिक्षकांना ते लांबून ओळखू येतात. गंमत अशी की याच मुलीने मराठी शाळेत खरं नेतृत्व केलं होतं. तिसऱ्या पातळीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा अकरा मुलांचा वर्ग तिने दोन महिने एकटीने सांभाळला, पाठ नव्याने बेतले, जोडाक्षरांसाठी पत्त्यांचा खेळ केला. फॉर्मवर त्याची नोंद काय? ‘मदतनीस’. एनएचएसच्या अपेक्षेत नेतृत्वाला पद लागत नाही. अडचणीतून वाट काढणं, सोपवलेलं काम तडीला नेणं हेसुद्धा धरलं जातं. घरात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ‘अध्यक्ष’ हा शब्द जास्त वजनदार वाटला.

आता चारित्र्य. दहावीत केमिस्ट्रीच्या लॅब रिपोर्टची फाइल तिने मैत्रिणीला ‘फक्त बघायला’ दिली. मैत्रिणीने आकडे जसेच्या तसे उतरवले. दोघींना त्या रिपोर्टला शून्य मिळालं आणि घरी ईमेल आली. शिस्तभंगाची औपचारिक नोंद झाली नाही. फॉर्ममध्ये प्रश्न होता: शैक्षणिक प्रामाणिकपणाबाबत शाळेने कधी कारवाई केली आहे का? असल्यास चार ओळींत लिहा. बाबा म्हणाले, “रेकॉर्डवर नाहीये ना? मग कशाला आपणहून लिहायचं?” जागा कोरी राहिली.

नकार, आणि त्यामागची आकडेमोड

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन ओळींचं पत्र आलं: या वर्षी निवड झालेली नाही. कारण नाही. राष्ट्रीय नियमांनुसार ते देण्याची सक्तीही नाही, आणि निवड न झाल्याबद्दलचं अपील राष्ट्रीय कार्यालय ऐकत नाही. जे काही असेल ते शाळेच्या स्थानिक पद्धतीने. या शाखेत पद्धत अशी की दहा शालेय दिवसांत सल्लागार शिक्षिकेची भेट मागायची, मग हवं तर प्रिन्सिपलकडे जायचं.

भेटीत शिक्षिकेने मोघम सांगितलं, सेवा आणि चारित्र्य यांत कौन्सिलला शंका वाटली. त्यावर वडिलांनी फर्पा या १९७४च्या कायद्याखाली लेखी अर्ज केला. विद्यार्थ्याच्या नावाची, शाळेने जपून ठेवलेली नोंद पालकांना पाहता येते, आणि शाळेला त्यासाठी जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात. शिक्षकाने स्वतःच्या आठवणीसाठी केलेलं, कुणाला न दाखवलेलं टिपण यात येत नाही. शिक्षकांचे अभिप्राय मात्र सल्लागाराकडे फाइल केलेले होते, म्हणून ते दाखवावे लागले.

अभिप्राय सात होते, प्रत्येकी ५ पैकी गुण. चार शिक्षकांनी ४ दिले. केमिस्ट्रीच्या शिक्षकांनी २ दिले आणि लॅब रिपोर्टचं एक वाक्य लिहिलं. उरलेल्या दोघांनी तिला कधी शिकवलंच नव्हतं. त्यांनी मधला म्हणून ३ टाकला होता. बेरीज २४, भागिले ७, म्हणजे ३.४३. आणि सल्लागार शिक्षिकेने कामाचा बोजा कमी करायला ३.५च्या खालची सगळी नावं एका वेगळ्या यादीत घातली होती. त्या यादीतल्या अकरा जणांची कौन्सिलमध्ये एकेक करून चर्चाच झाली नाही. यादी वाचली गेली, हात वर झाले, संपलं.

हे चुकीचं होतं. शिक्षकांचे अभिप्राय ही कौन्सिलला दिलेली माहिती असते, मतदान नव्हे. पाच जणांनी प्रत्येक उमेदवाराचा फॉर्म समोर ठेवून स्वतःचा निर्णय करायचा असतो. सरासरीने चाळण लावली की ज्यांनी मुलीला ओळखलंही नाही त्यांचा ३ हा निर्णायक ठरतो. ते दोन ३ काढले तर तिची सरासरी १८ भागिले ५, म्हणजे ३.६ होते आणि ती चाळणीच्या वर जाते.

पर्याय

घरात चार मतं होती. माणसंही चारच होती, हा योगायोग नाही.

वडिलांना वकील हवा होता. मुद्दा असा की भारतीय समाजाच्या उपक्रमांना शाळा कमी लेखते, हा भेदभाव आहे. राष्ट्रीय मूळ किंवा वंशावरून भेदभाव झाला असेल तर शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे साधारण १८० दिवसांत तक्रार करता येते. मार्ग अस्तित्वात आहे. न्यायालयांचा कल मात्र सर्वसाधारणपणे असा राहिलाय की एनएचएसचं सदस्यत्व हा मालमत्तेसारखा हक्क नाही, त्यामुळे ‘माझ्या मुलीला घ्यायलाच हवं होतं’ एवढ्यावर काही निभत नाही. न्यायालयाने हात घातला तो कायद्याने निषिद्ध भेदभाव दिसला तेव्हा. केंटकीत १९९८ साली लग्नाआधी गरोदर राहिलेल्या दोन विद्यार्थिनींना नाकारलं गेलं, तेव्हा फेडरल न्यायालयाने लिंगभेदविरोधी कायद्याच्या आधारे त्यांना तात्पुरतं सामावून घ्यायला लावलं. इथे तसं काही नव्हतं. त्याच वर्षी निवडलेल्यांत भारतीय आडनावं भरपूर होती, आणि मंदिरातल्या अन्नदानाचे तास धरले गेले होते. वकिलाच्या पहिल्या सल्लामसलतीतच हा पर्याय गळला.

आईचं म्हणणं, केमिस्ट्रीच्या शिक्षकांना भेटून तो शेरा मागे घ्यायला सांगावं. हा पर्याय सगळ्यांत घातक होता. शेरा खरा होता, आणि खरा शेरा मागे घ्यायला लावण्याचा प्रयत्न हाच चारित्र्याचा दुसरा शेरा झाला असता.

मोठ्या भावाचं मत होतं, सोडून द्या. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या सामाईक अर्जात, सन्मानांसाठी पाच आणि उपक्रमांसाठी दहा जागा असतात. एनएचएस त्यातली एक ओळ. त्यापेक्षा गणिताची मू आल्फा थीटा किंवा विज्ञानाची सोसायटी बघावी. यात तथ्य होतं. फक्त याच सुमारास पोस्टाने आलेलं एक गुळगुळीत निमंत्रणही त्याने याच यादीत घातलं होतं: कुठल्याशा ‘सोसायटी’चं, शुल्क भरा आणि सदस्य व्हा. त्यात शाळेचे शिक्षक नाहीत, कौन्सिल नाही, सेवेची अट नाही. अशा पत्रांची जागा कचऱ्याच्या डब्यात.

मुलीला स्वतःला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा होता.

काय केलं

दोन वाटा एकत्र धरल्या. पालकांनी प्रिन्सिपलकडे फक्त कार्यपद्धतीचा मुद्दा नेला. पत्र एका पानाचं. मुलीची थोरवी गाणारं एकही वाक्य नाही. मागणी एकच, की यादीतल्या सगळ्या मुलांवर कौन्सिलने स्वतंत्र चर्चा करावी. वडिलांच्या पहिल्या मसुद्यात निवड झालेल्या दोन मुलींची नावं घालून ‘त्या कशा घेतल्या’ असं विचारलं होतं. ते परिच्छेद काढले, हे फार बरं झालं. दुसऱ्याच्या मुलांबद्दल शाळा एक अक्षर बोलू शकत नाही आणि तुलना आली की पत्राचं वजन जातं.

प्रिन्सिपलनी मागणी मान्य केली. निर्णय ते बदलू शकत नव्हते, पण पद्धत चुकली म्हणून फेरविचार करायला सांगू शकत होते. अकरापैकी दोघांची निवड झाली. आपली मुलगी त्या दोघांत नव्हती. या वेळी सल्लागार शिक्षिकेने मोकळेपणाने कारण सांगितलं: तासांपैकी १८च तपासता आले, आणि प्रामाणिकपणाचा प्रश्न कोरा होता. लॅब रिपोर्टपेक्षा त्या कोऱ्या जागेनेच घात केला. दहावीतली चूक कौन्सिलने पोटात घातली असती. लपवलेलं दिसलं, म्हणून अडलं.

पुढची हालचाल मुलीची. ती केमिस्ट्रीच्या शिक्षकांकडे गेली, एकटी, डिसेंबरमध्ये, शाळा सुटल्यावर. शेरा बदला असं म्हणाली नाही. फाइल का दिली, तेव्हा काय वाटलं होतं आणि आता कुणी मागितली तर काय करेन, एवढं सांगितलं. पाच-सात मिनिटांचं बोलणं. शिक्षकांनी पुढच्या वर्षीच्या अभिप्रायात जुनं वाक्य ठेवलं आणि खाली एक नवीन जोडलं.

सेवेचं काम तिने वाढवलं नाही, नीट लावलं. लायब्ररीत दर मंगळवारी दोन तास. मराठी शाळेतल्या तासांवर सही दुसऱ्या केंद्रप्रमुखांची, आणि गिफ्ट कार्ड नाकारल्याची ओळ. साताऱ्याच्या तासांसाठी मुख्याध्यापकांचं पत्र मागवलं, शिक्क्यासह, मराठीत. सोबत मराठी शाळेतल्याच पण नात्यात नसलेल्या एका शिक्षिकेने केलेला इंग्रजी अनुवाद. मुख्याध्यापकांनी तास ३० ऐवजी २२ लिहिले, कारण वह्यावाटपाच्या दिवशीचा सत्कार आणि जेवण त्यांनी धरलं नाही. तिने फॉर्मवर २२च ठेवले. नाचाच्या तालमी गेल्या. एकूण तास १४२ वरून ११६ वर आले, आणि यातले ११६ही फोन करून तपासता येण्याजोगे होते.

जुन्या फॉर्ममधली ओळ होती: ‘मराठी शाळा, मदतनीस, ६० तास.’ नवीन फॉर्ममधली: ‘मराठी शाळा, तिसरी पातळी; शिक्षिकेच्या रजेत ११ मुलांचा वर्ग ८ आठवडे एकटीने घेतला, पाठ स्वतः तयार केले; इतर आठवडे मदतनीस.’ लॅपटॉपची संस्था तिने उपक्रमांत ठेवली, ‘अध्यक्ष’ काढून.

निष्पत्ती

सीनियर वर्षाच्या, म्हणजे बारावीच्या, ऑक्टोबरअखेर निवड झाली. बाजूने किती आणि विरुद्ध किती, हे कुणी सांगत नाही. इंडक्शन, म्हणजे सदस्यत्वाचा समारंभ, नोव्हेंबरच्या मध्यात, मेणबत्त्या, शपथ वगैरे. कॉलेजांना लवकर अर्ज करण्याची ‘अर्ली’ मुदत मात्र १ नोव्हेंबरला संपली होती आणि अर्ज त्याआधीच गेले होते. शाळेच्या काउन्सेलरने निवडीचं पुढच्या गुणपत्रिकेसोबत कॉलेजांना एका ओळीत कळवलं. ज्यासाठी घराने वर्षभर डोकं फोडलं, त्या ओळीचा प्रवेशावर काही परिणाम झाला का, हे सांगता येण्यासारखं नाही.

एक गोष्ट कुणी मनात धरलीच नव्हती. सदस्यत्व हे बक्षीस म्हणून घेतलं गेलं. ते काम निघालं. शाखेची अपेक्षा प्रत्येक सत्रात १० तास वैयक्तिक सेवा, एक सामूहिक प्रकल्प, आणि महिन्याची बैठक. जानेवारीत कॉलेजांचे बाकीचे अर्ज, शिष्यवृत्त्या आणि ‘आता झालं सगळं’ ही भावना यांत तिच्या सलग दोन बैठका बुडाल्या. लेखी ताकीद आली. अशा ताकिदीनंतर सुधारणा झाली नाही तर सदस्यत्व काढून घेण्यापर्यंत जाता येतं. तिथे मात्र लेखी नोटीस, कौन्सिलसमोर बाजू मांडण्याची संधी आणि अपील, हे सगळं द्यावं लागतं. आणि एकदा काढलेल्याला परत कधीच घेत नाहीत. निवड न होण्यापेक्षा काढून टाकलं जाणं कितीतरी वाईट, कारण कॉलेजला आधी ‘सदस्य’ असं कळवून झालेलं असतं. तिने मार्चपर्यंत तास भरून काढले.

वेगळं काय करता आलं असतं

मुलीच्या बाजूने कळीची वेळ दहावीची सुरुवात ही होती, अकरावीचा सप्टेंबर नव्हे. नववीत निवड होत नाही, पण नववीतली सेवा लिहिता येते. सही मात्र त्याच आठवड्यात घेतलेली बरी. दोन वर्षांनी मामा शोधत बसावे लागतात. प्रामाणिकपणाच्या प्रश्नावर उत्तर मुलीनेच ठरवायला हवं होतं. फॉर्मखाली सही तिची होती.

पालकांनी फर्पाचा अर्ज केला ते योग्यच, पण सल्लागार शिक्षिकेच्या भेटीत तो दुसऱ्याच मिनिटाला टेबलावर ठेवला. आधी नुसतं विचारलं असतं तर फेरविचारानंतर मिळालेलं कारण कदाचित पहिल्याच भेटीत मिळालं असतं.

शाळेच्या बाजूने सरासरीची चाळण बंद झाली आणि ज्याने मुलाला शिकवलं नाही त्या शिक्षकाला आता ‘ओळखत नाही’ असा रकाना आहे. नातेवाइकांची सही चालत नाही हे आधी कुठेच लिहिलेलं नव्हतं. न लिहिलेल्या नियमावर मुलं अडवणं हा शाखेचा दोष, आणि तो या प्रकरणात फारसा कुणी बोलून दाखवला नाही. आता फॉर्मवरच छापलंय.

सण-उत्सवांच्या तासांवरही एक ओळ आली: वाहनतळ सांभाळणं, जेवण वाढणं, मंडप आवरणं धरावं, नाच, नाटक, वादन यांचा सराव धरू नये. त्यावर पहिली हरकत एका ढोल-ताशा पथकातल्या मुलाने घेतली. पथक ४ जुलैच्या नगरपालिकेच्या मिरवणुकीत फुकट वाजवतं, आणि शाळेच्या मार्चिंग बँडला त्याच मिरवणुकीचे तास मिळतात. कौन्सिलने तो मुद्दा पुढच्या बैठकीवर ठेवला आहे.